जोडीची हजेरी

आयुष्यात मी गिरणीच्या गेटवर, स्टँडवर, तहसील कचेरीसमोर शेकड्याने भाषणं ठोकली. त्यातलं एकही कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते पंख्याखाली खुर्चीत बसून, कंटाळून बोललेलं एक वाक्य. "एका घरात दोन कार्डं कायले पाहिजेत?" हे वाक्य माझं. त्याचीच ही हकिकत आहे, आणि ती सांगताना मला माझाच राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घराणं कारकुनांचं. वडील कोर्टात नाझर होते. मी सूतगिरणीत टाइमकीपर लागलो आणि तिथेच युनियनमध्ये शिरलो. वडिलांना ते अजिबात आवडलं नाही. ते म्हणायचे, "नोकरी करावी, नोकरीशी भांडू नये." पण भांडण्यात मजा होती. कँटीनच्या पोह्यांत अळी निघाली म्हणून आम्ही अख्खी पाळी बंद पाडली होती. बायकांसाठी पाळणाघर मिळवलं. कापसाच्या धुळीने खोकणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायला लागला, तोही आम्हीच आणला. साहेब लोक आम्हाला घाबरायचे. खोटं कशाला सांगू, त्या घाबरण्याची मला चटक लागली होती.

मग गिरणीच बंद पडली. ज्याच्याशी भांडायचं तो समोरून उठून गेला आणि आमच्या हातात नुसता झेंडा राहिला. कामगार कुणी पुण्याला गेले, कुणी रिक्षा घेतली. युनियनचे अध्यक्ष मात्र खमके होते. त्यांनी उमरखेडला स्टँडमागे एक गाळा घेतला, कॉम्प्युटर बसवला आणि मला बोलावून सांगितलं, "आता लढाया संपल्या. आता योजना आहेत."

योजना बांधकाम कामगारांसाठीच्या होत्या. सरकारी मंडळाकडे नोंदणी करायची, दरवर्षी नूतनीकरण करायचं, मग बाळंतपणाला मदत, पोरांच्या शिक्षणाला मदत, मोठ्या आजाराला मदत. शिवाय भांड्यांची पेटी. पेटी म्हटलं की गाळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी सहापासून रांग. मी सकाळी फॉर्म भरायला बसायचो तो संध्याकाळी सातला उठायचो. झेंडा भिंतीवर खिळ्याला होता आणि त्याच खिळ्याला चार्जरची वायर अडकवलेली असायची.

नोंदणीला अट एकच होती. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. दाखल्यावर युनियनचा शिक्का चालायचा, आणि तो शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये. सुरुवातीला मी हात बघून शिक्का मारायचो. सिमेंटने खाल्लेले हात लपत नाहीत. पण अध्यक्षांकडून चिठ्ठ्या यायला लागल्या. अमक्या दुकानदाराची बायको, तमक्या पुढाऱ्याचा भाचा. ज्यांनी जन्मात वीट उचलली नाही त्यांच्या घरी कुकर आणि पराती गेल्या. कुंपणच शेत खात होतं, आणि मी ते नुसतं बघत होतो असंही नाही, मी खात होतो. पुढे तक्रारी झाल्या, चौकशी लागली आणि नियम कडक झाला. नुसता दाखला चालेना. ठेकेदाराच्या हजेरीवहीत त्या माणसाचं नाव नव्वद दिवस दिसलं पाहिजे, आणि मंडळाचा माणूस कामावर येऊन ती वही तपासणार.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. स्लॅबच्या कामाला ठेकेदार एकटं माणूस घेत नाही, जोडी घेतो. नवरा फावड्याने गिट्टी-रेती घमेल्यात भरतो, बायको ते डोक्यावर घेऊन शिडी चढते. "उद्या दहा जोड्या पाठव," असं फोनवर बोलतात, बैलांबद्दल बोलावं तसं. संध्याकाळी मुनीम वही उघडतो आणि नवऱ्याच्या नावापुढे एक खूण करतो. त्या एका खुणेत दोघं आले. बायकोचं नाव मुनिमाला माहीत नसतं, कधी कधी ठेकेदाराला तिचा चेहराही माहीत नसतो. हे कुणालाच खटकत नव्हतं. ज्याने उभी हयात हजेरीपटावर काढली त्या मलासुद्धा नाही.

नोंदणीला जोडपी यायची तेव्हा दोघांची कागदं घेऊन यायची. एका फॉर्मला तास लागायचा, सर्व्हर मध्येच झोपायचा, बाहेर रांग ओरडायची. पेटी घरटी एकच मिळणार होती. म्हणून मी म्हणायला लागलो, एका घरात दोन कार्डं कायले पाहिजेत? बाप्याचं काढा, त्यात सारं घर येतं. लोकांना ते पटलं. रोज बुडायचा वाचला. तांड्यातांड्यांवर माझं ते वाक्य पोचलं, आणि अध्यक्ष मला म्हणाले, "तू कामाचा माणूस आहेस."

मग एक बाई आली, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. ढाणकीकडच्या तांड्यावरची. चाळिशीची असेल, पण मान अशी ताठ की जणू डोक्यावर अजून घमेलं आहे. बरोबर अकरा वर्षांची मुलगी. गाळ्याला पायऱ्या तीनच आहेत. मुलगी दुसरीवर बसली आणि तिसरी चढायला तिला बराच वेळ लागला. ओठ जांभळे झाले होते. मी खुर्ची दिली तर ती बसली नाही, आईच्या लुगड्याला धरून उभी राहिली.

बाईने पिशवीतून नांदेडच्या दवाखान्याचे कागद काढले. मुलीच्या हृदयाची झडप खराब होती. पहिलं ऑपरेशन रेशनकार्डावरच्या सरकारी योजनेत निभावलं होतं, दुसऱ्याला ते पुरत नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, बांधकाम कामगाराचं चालू कार्ड आणा, लगेच तारीख देतो. डॉक्टर म्हणाले होते, अक्षय तृतीयेच्या आत व्हायला पाहिजे, त्यापुढचं मी सांगू शकत नाही.

"कार्ड कोणाच्या नावाचं आहे?" मी विचारलं.

"तिच्या बापाचं. त्यो दिवाळीआंधी गेला. कावीळ झालती." तिने नवऱ्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. "हे बंद पडलं म्हनते. माह्या नावानं करून द्या, सायब."

"तू किती वर्षं कामावर आहेस?"

"लगन झाल्यापासून. वीस वर्सं झाली असतीन."

वीस वर्षं, आणि मला हवे होते नव्वद दिवस. मी तिला म्हटलं, काळजी करू नको, हे तर चुटकीसरशी होईल. हे असलं बोलायची मला सवय आहे.

तिचा ठेकेदार उमरखेडमध्येच एका मंगल कार्यालयाचं काम करत होता. माणूस वाईट नव्हता. त्याने चार वर्षांच्या वह्या माझ्यासमोर टाकल्या. "पाहा तुमीच." मी पानं उलटत बसलो. तिच्या नवऱ्याचं नाव जागोजाग होतं, पुढे खुणाच खुणा.

"बाईचं नाव कुठं आहे?"

"जोडीत हाये ना."

"जोडीत म्हणजे कुठं? दाखवा."

त्याने एका खुणेवर नख ठेवलं. "हे. ह्यातली अर्धी तिची."

मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "सायब, मले काय बोलून राह्यले? कार्डंबी तं तुमी एकाच नावाचे काढले." मी वही मिटली. तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यात नीट शिरलीच नव्हती. नवऱ्याचं कार्ड आमच्याच गाळ्यातून निघालं होतं. मागे सही माझी होती. ते जोडपं कधी आलं, काय बोललं, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

अध्यक्षांकडे गेलो. पेट्या वाटपाचा कार्यक्रम तोंडावर होता, ते मांडववाल्याशी बोलत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. म्हणाले, "वाईट वाटतं. पण आता बोगस दाखला दिला तर संघटना गोत्यात येईल." मी म्हटलं, हिचा दाखला बोगस नाही हो, आयुष्यात पहिल्यांदा खरा दाखला आहे. ते म्हणाले, "खरा असेल तर वहीत दाखव." आणि पुन्हा मांडववाल्याकडे वळले. वीस वर्षांपूर्वी याच माणसाने एका कामगाराच्या मशीनमध्ये तुटलेल्या करंगळीसाठी गेट तीन दिवस अडवलं होतं. तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो.

राहता राहिला एकच मार्ग. नव्वद दिवस नव्याने भरायचे. आजपासून, एकही खाडा न पाडता, तर अक्षय तृतीयेला जेमतेम गाठ पडत होती. पण जोडी कुठून आणायची? दीर-जाऊ ऊसतोडीला गेलेले, तिथेही जोडीच लागते. तांड्यावर म्हातारे तेवढे राहिलेले. मजुरांच्या ठिय्यावरच्या परक्या बाप्याबरोबर विधवा बाई उभी राहिली तर गाव काय बोलेल ते सांगायला नको. दोन बायकांची जोडी ठेकेदाराला मान्य नव्हती.

हे सगळं मी तिला गाळ्यात बसून समजावत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी चाला ना, सायब."

"कुठं?"

"कामावर. माह्यासंगं. तुमाले कोनी काई म्हननार नाही, तुमी म्हातारे हा."

मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. मी एकोणसाठ वर्षांचा माणूस, मधुमेह, चष्मा, घरात खिळा ठोकायलाही सुतार बोलावणारा. मी तिला म्हणणार होतो, बाई, तुझं डोकं फिरलं आहे का? पण मुलगी दाराला टेकून श्वास घेत होती. तो श्वास ऐकू येत होता. मी "बघू" म्हटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाषणात तर नेहमी म्हणता, खांद्याला खांदा लावून. आता लावा."

पहिल्या दिवशी साइटवर माझी जी चेष्टा झाली ती मी विसरणार नाही. "सायबाची जोडी जमली!" मिक्सरवाला ओरडला. एका बाईने पदर तोंडात धरला. मी फावडं उचललं. दहा घमेल्यांनंतर हाताला फोड, वीसनंतर कंबर संपली. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच आजवर मी लोकांना सांगत आलो होतो. बाई रिकामं घमेलं घेऊन खाली यायची, माझ्या हातातलं फावडं घ्यायची, स्वतः भरायची, स्वतः उचलायची आणि चढून जायची. मी घमेल्याला नुसता हात लावत होतो. दुपारी तिने मला सावलीत बसवलं आणि दोघांचं काम एकटीने केलं.

संध्याकाळी मुनिमाने वही उघडली आणि माझं नाव लिहिलं. पुढे खूण केली.

"हे काय?" मी म्हटलं. "नाव तिचं लिही."

"नाव बाप्याचंच राह्यते."

मग माझ्यातला जुना माणूस जागा झाला. तिथेच सिमेंटच्या पोत्यावर चढलो. म्हटलं, बायांनो, आजपासून आपापलं नाव वहीत लिहून घ्या, नाहीतर उद्या तुमच्यावरही ही पाळी येईल. पंधरा-वीस बायका होत्या. कुणीही जागची हलली नाही. त्या आपापल्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांतला एक जण पुढे आला, हात झटकत म्हणाला, "काहून भांडनं लावून राह्यले आमच्या घरात? तुमीच तं सांगतलं होतं, एका घरात दोन कार्डं कायले? म्या माह्या बायकोचे कागद वापस नेलते."

मी पोत्यावरून उतरलो. बाई रिकामं घमेलं हातात धरून तिथेच उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, तिला ते कळलं नसावं. खरं सांगायचं तर, कळू नये असंच मला वाटत होतं.

शेवटी ठेकेदाराने तोड काढली. "एका जोडीले एकच नाव. तिचं लिवतो, पन मग तुमचं नाही." मी म्हटलं, नको माझं. अशी माझी त्या कामावर हजेरी लागायची थांबली. तिची सुरू झाली.

त्यानंतरचे दिवस मी मोजत जगलो. गाळ्यात जाणं सोडलं, तर अध्यक्षांनी माझ्या खुर्चीवर एक पदवीधर मुलगी बसवली, आणि ती माझ्यापेक्षा चौपट वेगाने फॉर्म भरते असं कानावर आलं. हाताला घट्टे पडले. फावडं थोडं जमायला लागलं, पण जोडीच्या कामातले चारातले तीन हिस्से अखेरपर्यंत तिनेच केले. आठ दिवस रेती आली नाही, काम बंद. ते आठ गेले. होळीला सगळे तांड्यावर गेले, तीन गेले. एकदा मिक्सर बिघडला. एकदा मीच चक्कर येऊन पडलो आणि दोन दिवस उठलो नाही. त्या दोन दिवसांत ती रोज सकाळी सातला आमच्या फाटकापाशी येऊन उभी राहायची. हाक मारायची नाही. बायको सांगायची, आज जमणार नाही गं. मग ती जायची. प्रत्येक खाड्यामागे शेवटचा दिवस पुढे सरकत होता, आणि अक्षय तृतीया काही सरकत नव्हती.

मुलगीही कामावर यायची. तिला घरी ठेवणार कुणाजवळ? ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत गोधडीवर पडून असायची. गिरणीत मी बायकांसाठी पाळणाघर मिळवलं होतं, त्याच्या भिंतीवर ससा रंगवला होता हे मला त्या दिवसांत फार आठवायचं. इथे तर मागायचं कुणाकडे तेच कळत नव्हतं. आई खाली आली की मुलगी विचारायची, "याडी, आज लिवलं का नाव?" आई मान हलवायची. मार्चअखेर मुलीचे पाय सुजले. मी नांदेडला जाऊन डॉक्टरांच्या हातापाया पडलो. ते सज्जन होते. म्हणाले, "मी माझ्याकडून थांबतो हो. पण मी थांबून काय उपयोग?"

अक्षय तृतीया उलटून गेली होती. ब्याऐंशी हजेऱ्या झाल्या त्या दिवशी दुपारी मुलीला पाणी द्यायला एक बाई टाकीजवळ गेली आणि तिने ओरडून हाक मारली. आम्ही रिक्षाने सरकारी दवाखाना गाठला. वाटेतच सगळं संपलं होतं. बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसली, आणि तिच्या पायावरचं सिमेंट वाळलेलं होतं, ते ती नखाने काढत राहिली. मी खांबाला डोकं टेकून मोठ्याने रडलो. लोकांना वाटलं, मुलगी माझी.

दिवस झाल्यावर मी तांड्यावर गेलो. ती दारात शेण कालवत होती. हात धुऊन तिने बाज टाकली, पाणी आणलं. मी पाणी घेतलं नाही. म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. मग सगळं सांगितलं. तुझं कार्ड तेव्हाच निघालं असतं तर मुलीचं ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच झालं असतं. ते निघालं नाही, कारण मी लोकांना सांगत होतो की बाईचं काढू नका. त्या दिवशी साइटवर तो माणूस बोलला ते खरं होतं. मला तुम्ही आलेले आठवतही नाहीत.

"मले आठवते," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"मी आलती ना त्याच्यासंगं. फोटो काढून आनले होते, आधार होतं. तुमच्या टेबलावर ठेवले. तुमी वापस देले. म्हनले, घरी ठेव, कामी येतीन." ती बाजेची दोरी सारखी करत होती. "त्यो खुश झालता. म्हने, चाल, दुपारचं काम भेटते."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हाव."

"मग तरी माझ्याकडेच आलीस? मला शिव्या द्यायच्या होत्यास. दुसऱ्या कुणाकडे जायचं होतंस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी तिच्या पाया पडलो असतो. पण राग नव्हता. मी काहीतरी विचित्र विचारतो आहे, असं तिला वाटलेलं दिसलं.

"दुसरं हापीस कुठं हाये, सायब?"